गॅस संपत नसतो

उन्हाळा चढायला लागला की नाशकातल्या एसीच्या गॅरेजांपुढे गाड्यांची रांग लागते, आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीतून तेच वाक्य बाहेर येतं. "एसी गार करत नाहीये, जरा गॅस भरून द्या." डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवतानाच "ताप आलाय, सलाईन लावा" म्हणावं, तसं हे. दुखणं सांगून थांबायचं असतं, आपण औषधही सांगून टाकतो. मेकॅनिक गर्दीत असतो. गिऱ्हाईकानं मागितलंय तेच देणं त्यालाही सोपं पडतं. वीस मिनिटांत डबा रिकामा होतो, हवा गार लागते, गाडी निघून जाते. पुढच्या एप्रिलमध्ये, कधीकधी त्याच जूनमध्ये, तीच गाडी तेच वाक्य घेऊन परत येते.

याचा निम्मा दोष मला 'गॅस' या शब्दालाच द्यावासा वाटतो. घरात गॅस म्हणजे सिलिंडर. तो जळतो, महिन्या-दीड महिन्यात संपतो, नवा लावायचा. पेट्रोलचंही तेच. मग एसीचा गॅसही वापरून वापरून संपत असणार, असं मनानं परस्पर ठरवलेलं असतं. पण एसीतला गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना जो अर्धा किलोच्या आसपास भरलेला असतो, तोच त्याच बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी पाइपांतून आणि जोडांतून वर्षाला दहा-वीस ग्रॅम झिरपतो हे खरं, पण त्यानं एसी बसायला बरीच वर्षं जावी लागतात. दोन वर्षांच्या गाडीतला गॅस 'संपला' असेल, तर कुठेतरी भोक आहे. आणि गॅस पुरेसा असूनही एसी गार करत नसेल, तर भलतंच काही बिघडलंय. दोन्ही वेळा नुसता डबा ओतणं हा उपाय नव्हे.

एसी थंडी तयार करतो ही दुसरी समजूत. तो काहीच तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. याचं मूळ आपल्या माठात आहे. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतं. एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी असते म्हणून इथला माठ मुंबईच्या माठापेक्षा गार. गाडीतही हेच चालतं, फक्त पाण्याऐवजी आर-१३४ए नावाचा द्रव असतो (यालाच आपण 'गॅस' म्हणतो), जो मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. माठातलं उडालेलं पाणी परत येत नाही, म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडीत उडालेली वाफ पकडून, दाबून, पुन्हा द्रव करून परत आणतात. ती पकडून आणण्यासाठीच तर बॉनेटखालचा सगळा पसारा.

पसारा असा. डॅशबोर्डच्या पोटात कूलिंग कॉइल असते. तिच्यात द्रव उकळतो आणि ब्लोअरनं तिच्यावर मारलेली हवा गार होते. झालेली वाफ जाड पाइपानं कॉम्प्रेसरकडे जाते. कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, आणि गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे उभ्या असलेल्या कंडेन्सरमध्ये जाते. तिथे बाहेरची हवा तिची उष्णता काढून घेते आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळून, ओल काढून, बारीक पाइपानं एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी येतो. व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून सुटला की दाब एकदम पडतो आणि द्रव परत कॉइलमध्ये उकळायला मोकळा.

बांधकामावर विटा वर चढवताना माणसं रांगेत उभी राहून हातोहात वीट देतात, ते चित्र इथे डोळ्यांसमोर ठेवावं. केबिनमधली हवा उष्णता कॉइलला देते, कॉइल गॅसला देते, कॉम्प्रेसर ती पुढे ढकलतो, कंडेन्सर बाहेरच्या हवेला देतो. रांगेतला एक जण थांबला की वरचा गवंडी रिकामा बसतो. बिघाड शोधायचा म्हणजे कुणाच्या हातात वीट अडकली ते पाहायचं, आणि ते बघताना केबिनपासून सुरुवात करायची. गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारे काटे, शेवटी. उलट्या क्रमानं गेलं की खर्च आधी होतो आणि कळतं नंतर.

तर आधी हवा. हवा जोरात येतेय पण गार नाही, की गार आहे पण येतच नाही, हे दोन वेगळे आजार आहेत आणि बोलताना दोन्हींना "एसी चालत नाही" असंच म्हटलं जातं. येतच नसेल तर ग्लोव्हबॉक्सच्या मागे हात घालून केबिन फिल्टर काढावा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेले रस्ते आणि सर्व्हिस रोडची धूळ बघता इथे १०,००० किलोमीटरला फिल्टर झटकून बघावा आणि २०,००० च्या आत बदलावा. नवा बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेनं ठेवायचा. फिल्टर काढून ब्लोअर लावला आणि हवा एकदम वाढली, तर तुमचा 'एसीचा बिघाड' तिथेच संपला. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवरच चालत असेल तर रेझिस्टर गेलाय, तो लहानसा भाग असतो. ब्लोअरच्या पिंजऱ्यातून खडखड येत असेल तर वाळलेली पानं, किंवा उंदराचं घरटं. गाडी आठवडाभर एका जागी उभी राहिली की उंदीर ब्लोअरच्या घरात हमखास शिरतात, आणि शिरल्यावर वायरिंगलाही तोंड लावतात.

हवा भरपूर आहे पण कोमट, असं असेल तर हीटरची झडप तपासावी, आणि ही मात्र फार जण विसरतात. डॅशबोर्डच्या आत एक पडदा असतो. तापमानाचा खटका निळ्याकडे नेला की तो हीटरचा रस्ता बंद करतो. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा इतका खाली जातो की पहाटेच्या गाड्यांत हीटर लागतोच. दोन महिने लाल बाजूला राहिलेली केबल किंवा तिची मोटर मार्चमध्ये निळ्याकडे पुरती येत नाही, पडदा बोटभर उघडा राहतो, आणि एसीनं गार केलेल्या हवेत इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब मिसळत राहते. ओळखण्याची खूण सोपी आहे. सकाळी थंड इंजिनावर गाडी चालू केली की पहिली काही मिनिटं एसी उत्तम, आणि इंजिन तापत जाईल तशी हवा कोमट. खात्री करायची तर हीटरकडे जाणारा रबरी पाइप गुळगुळीत जबड्याच्या चिमट्यानं थोडा वेळ दाबून पाहावा. हवा गार झाली तर गॅसचा काही संबंध नाही.

नंतर बॉनेट उघडून कान द्यायचा. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरू लागते. यालाच 'क्लच घेतला' म्हणतात. हल्लीच्या काही गाड्यांत क्लच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरत असतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याची ताकद कमीजास्त करतो. तिथे 'टक्' ची वाट बघत बसू नये.

क्लच घेत नसेल तर फ्यूज, मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, पुष्कळदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करून पाहायला एक मिनिट लागतं आणि काही खर्च नाही. रिले ठीक असेल तर क्लचच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतायत का ते पाहावं. येत असून क्लच घेत नसेल तर क्लचच्या चुंबकाची कॉइल जळालीय किंवा चकती आणि पुलीमधला गॅप वाढलाय. कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो. मीटरनं 'ओपन' दाखवलं की विषय संपला. व्होल्ट येतच नसतील तर गाडीचा संगणक कॉम्प्रेसरला परवानगी देत नाहीये, आणि का देत नाहीये हे विचारायचं. गॅसचा दाब फार कमी असला तर प्रेशर स्विच लाइन तोडतो, फार जास्त असला तरीही तोडतो, कूलिंग कॉइलवर बर्फ धरायची वेळ आली तर तिचं तापमान बघणारा थर्मिस्टर तोडतो आणि इंजिन जास्त तापलं तर संगणक स्वतः तोडतो. जुन्या गाड्यांतला दोन वायरींचा प्रेशर स्विच वायरनं जोडून क्षणभर बघता येतो. तीन वायरी असतील तर तो सेन्सर असतो, तिथे वायर जोडायला जाऊ नये.

गॅपची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण या एका बिघाडापायी जितका गॅस फुकट भरला जातो तितका दुसऱ्या कशापायी भरला जात नसेल. क्लचची चकती आणि पुली यांच्यात साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर अंतर असतं. वर्षानुवर्षं घासून ते वाढतं. सकाळी क्लचची गार कॉइल जोर लावून चकती खेचून घेते. दुपारी बॉनेटखाली भट्टी पेटलेली असते, गरम तांब्याचा रोध वाढतो, करंट कमी होतो, चुंबक दुबळं पडतं, आणि वाढलेलं अंतर त्याला ओढवत नाही. म्हणून 'सकाळी मस्त, दुपारी दोनला बंद, संध्याकाळी परत चालू' असा एसी दिसला की आधी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालावा. पुष्कळ कॉम्प्रेसरांत चकतीखाली पातळ वायसर असतात, त्यातला एक काढला की अंतर परत मापात येतं. गॅस भरून हा एसी कसा 'दुरुस्त' होतो? मेकॅनिककडे गाडी तासभर सावलीत उभी राहते आणि क्लच गार होतो, एवढंच.

क्लच घेतोय, तरी गार नाही, तर कंडेन्सर आणि त्याचा फॅन. एसी लावल्यावर पुढचा फॅन फिरला पाहिजे, बऱ्याच गाड्यांत लगेच, काहींत दाब चढल्यावर. इथे नाशिकचा रस्ताच निदान करून देतो. द्वारकेच्या चौकात गाड्या खोळंबल्या की घाम फुटतो आणि आडगाव सोडून ओझरकडे गाडी पळायला लागली की गार होतं, तर पळताना मिळणारा वारा फॅनचं काम करतोय आणि फॅन स्वतः करत नाहीये. मोटर दमलेली, कार्बन ब्रश झिजलेले, रिले चिकटलेला किंवा दोन वेगांपैकी एक गेलेला. फॅन फिरताना दिसला म्हणून सोडून देऊ नये. सावकाश फिरणारा फॅनही सिग्नलला पुरत नाही. ग्रीलसमोर कागद धरला तर तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे.

कंडेन्सरची जाळी म्हणजे बारीक पट्ट्यांची फणी. तिच्यात काय अडकतं ते गाव सांगतं. लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्यांवर कांद्याच्या ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कांद्याचे पापुद्रे सापडतात, ओले होऊन चिकटले की कागदासारखे बसतात. बाकी किडे, चिखल, फुफाटा सगळीकडेच. पुढून स्वच्छ दिसणारा कंडेन्सर मागून गच्च असू शकतो, कारण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत मळ साचतो आणि तिथे कुणी बघत नाही. धुताना पाणी शक्य तितकं इंजिनाकडून पुढच्या बाजूला मारावं, म्हणजे घाण ज्या रस्त्यानं आली त्याच रस्त्यानं जाते. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पट्ट्या आडव्या होतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो. बागेचा साधा पाइप आणि थोडं शाम्पूचं पाणी पुरतं. घाई करू नये.

एवढ्यावर भागलं नाही तर हात लावून बघायचं, पण सांभाळून. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणारा पाइप चटका बसेल इतका तापतो, त्याला लांबूनच नमस्कार. कॉइलकडून परत येणारा जाड पाइप गार हवा, दमट दिवसात त्यावर घाम हवा. कॉइलकडे जाणारा बारीक पाइप कोमट ते गरम. हा बारीक पाइप मध्येच एका जागी एकदम गार लागला, तर तिथे अडथळा आहे. ड्रायर तुंबला असेल तर त्याच्या अलीकडे गरम आणि पलीकडे गार, असा स्पष्ट फरक बोटांना कळतो.

आणखी एक लक्षण नाशिकहून मालेगावकडे जाणाऱ्यांना ओळखीचं असेल. निघताना एसी झकास, आणि चांदवड येईतो हवाच बारीक होत होत बंद. ब्लोअरचा आवाज पूर्ण, हवा मात्र नाही. चहाला थांबून अर्ध्या तासानं निघालं की पुन्हा झकास, आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी. कॉइलवर बर्फ धरला होता, तो वितळला. कॉइल ० अंशाच्या जवळ आली की थर्मिस्टरनं कॉम्प्रेसर थांबवायचा असतो. तो जागचा हलला किंवा खोटं तापमान सांगायला लागला की कॉम्प्रेसर थांबतच नाही. तुंबलेला फिल्टर आणि थोडा कमी झालेला गॅस हेसुद्धा बर्फाला हातभार लावतात. रस्त्यात हे झालं तर एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवावा, दहा-पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा होतो. कसाऱ्याचा घाट चढताना एसी सुटतो तो प्रकार वेगळा. काही गाड्यांत जोरात ॲक्सिलरेटर दाबला की संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर सोडतो, ते त्याचं कामच आहे. पण घाटात मिनिटामिनिटाला सुटत असेल तर इंजिन तापतंय, आणि मग एसीवाल्याकडे न जाता आधी कूलंट, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बघावेत.

आता गेज. इथून पुढचं काम घरच्या अंगणात करायचं नव्हे, पण गेजवर काय दिसतंय हे गाडीमालकाला कळलं तर त्याला फसवणं अवघड जातं.

इंजिन बंद आणि थंड असताना गेज लावला की दोन्ही काटे सारखं वाचतात, आणि ते वाचन फक्त हवेच्या तापमानावर ठरतं. आर-१३४ए साठी २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय (दाबाचं एकक), ३० ला ९७, ३५ ला ११४. याहून बरंच कमी असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, म्हणजे गॅस खरोखर गेलाय. पण बरोबर तेवढंच असेल तर? तर आत थोडासा का होईना द्रव आहे, इतकंच कळतं. शंभर ग्रॅम असला तरी तोच दाब, पाचशे असला तरी तोच. घरचा सिलिंडर शेवटच्या दिवसापर्यंत सारख्याच जोरानं जळतो, तसंच हे. म्हणून इंजिन चालू न करता नुसता गेज टेकवून "दोनशे ग्रॅम कमी आहे" असं कुणी सांगितलं, तर तो अंदाज आहे.

इंजिन १,५०० फेऱ्यांवर, एसी पूर्ण, ३५ अंशांचा दिवस. लो साइडला (कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारा जाड पाइप) ३० ते ४० आणि हाय साइडला (कॉम्प्रेसरच्या पुढचा भाग) २०० ते २४० च्या आसपास दिसलं की यंत्रणा ठीक. दोन्ही कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जादा भरलाय, कंडेन्सर किंवा फॅन काम करत नाहीये, किंवा आत हवा शिरलीय. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले, म्हणजे कॉम्प्रेसर दमला, तो दाबतच नाहीये. लो पार शून्याकडे किंवा खाली व्हॅक्यूममध्ये गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. आणि लो काटा काही वेळ ठीक राहून मग व्हॅक्यूमकडे घसरतो, थोड्या वेळानं आपोआप सुधारतो, असं झुलत असेल तर आत ओल आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो, वितळतो, पुन्हा होतो. या सगळ्यात नुसता गॅस भरून सुधारणारं चित्र एकच, आणि तेही भोक सापडेपर्यंत टिकणारं.

जादा गॅसनं एसी जास्त गार होतो, हा समज कुठून आला कोण जाणे. जादा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा अडवतो, दाब चढतो, हवा कोमट होते, कॉम्प्रेसरवर ताण येतो. वर्षानुवर्षं अंदाजानं भरत गेलेल्या गाडीत हे हमखास होतं. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत ४०० ते ५५० ग्रॅम, मागे वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत त्याहून पुष्कळ जास्त. डबा वजनकाट्यावर ठेवून भरणारा मेकॅनिक सापडला तर त्याला सोडू नका. डब्यावर गॅसचं नाव आणि उत्पादकाचं नाव नीट छापलेलं आहे ना, तेही बघावं. स्वस्तातल्या डब्यांत जळाऊ गॅसची भेसळ असू शकते, आणि तो डॅशबोर्डमधल्या कॉइलमधून गळला तर थेट माणसांच्या नाकाशी येतो.

गळती शोधायची पहिली खूण तेल. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर सगळीकडे फिरत असतं. गॅस जिथून सुटतो तिथे तेलही येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट डाग पडतो. जोडांचे ओ-रिंग, कंडेन्सरच्या खालच्या कडा जिथे हायवेचे खडे लागतात, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील आणि पाइपांचे दाबून बसवलेले जोड आधी बघावेत. एक जागा इतकी साधी आहे की तिच्याकडे कुणी बघत नाही: गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन. तिच्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून बुडबुडा येतो का बघावं. प्लास्टिकचं टोपण धुळीपासून वाचवतं आणि दुसरं सीलही असतं, ते हरवलेलं असेल तर नवं लावावं. बाहेर काहीच सापडलं नाही तर संशय कूलिंग कॉइलवर. कॉइलचं पाणी जिथून गाडीखाली टपकतं त्या नळीच्या तोंडाशी लीक डिटेक्टर धरला की कळतं. तसं निघालं तर पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दिवस जातो. यंत्रणा रिकामीच असेल तर कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआयपर्यंत भरून रात्रभर काटा हलतो का बघणं सगळ्यात भरवशाचं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नये, तिच्यात ओल असते. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट.

जोड उघडला की काही गोष्टी चुकवायच्या नसतात. ओ-रिंग नवे, तेल लावून बसवलेले. ड्रायर नवा, कारण उघड्या हवेत तो तासाभरात ओल पितो. तेल त्या कॉम्प्रेसरसाठी सांगितलेल्या ग्रेडचंच. कंडेन्सर बदलला तर सर्वसाधारणपणे २०-३० मिलिलिटर, कॉइल बदलली तर त्याहून थोडं जास्त. बाटली उघडी ठेवायची नाही. कॉम्प्रेसर आतून झिजून जाम झाला असेल तर काळं तेल आणि धातूची कीस सगळ्या नळ्यांत पसरलेली असते. हल्लीच्या कंडेन्सरांच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्या धुऊन निघत नाहीत. अशा वेळी नवा कॉम्प्रेसर जुन्या कंडेन्सरला जोडणं म्हणजे नव्यालाही त्याच वाटेनं पाठवणं.

मग व्हॅक्यूम. पंप निदान अर्धा तास चालवायचा, ओलीची शंका असेल तर तासभर. हेतू नुसती हवा काढायचा नाही. दाब इतका खाली न्यायचा की आत उरलेलं पाणी हवेच्या तापमानालाच उकळून निघून जावं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे पातेल्यातलं पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्याच कारणानं इथला व्हॅक्यूम गेज पुस्तकात लिहिलेल्या पाऱ्याच्या २९ इंचांवर कधीच जात नाही, २८ च्या जरा खाली थांबतो. तो थांबला म्हणून पंपाला दोष देणारेही भेटतात. पंप चांगला आहे, आपल्या डोक्यावरची हवाच तेवढी आहे. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा बघायचा. हलला नाही तरच गॅस भरायचा. चालू इंजिनावर लो साइडनं भरताना डबा उभा ठेवायचा, उलटा केला की द्रव सरळ कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नसल्यानं व्हॉल्व्ह तुटतात. डोळ्यांवर चष्मा हवा. उणे २६ अंशांना उकळणारा थेंब डोळ्यात गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

दरवर्षी 'थोडा गॅस' भरून घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. पृथ्वीचं तापमान वाढवण्याच्या बाबतीत एक किलो आर-१३४ए हा सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. म्हणजे गळून गेलेला अर्धा किलो गॅस झाला ७१५ किलो, साधारण ३१० लिटर पेट्रोल जाळल्याइतका. याच्या आधीचा आर-१२ ओझोनच्या थराला भोकं पाडत होता म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला. १३४ए त्या बाबतीत निर्दोष, पण उष्णतेच्या बाबतीत नाही. आणि आपण तो एका ओ-रिंगचा आळस करून दरवर्षी हवेत सोडतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना थर्मामीटर मधल्या झरोक्यात खोचावा. दारं-खिडक्या बंद, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, ब्लोअर दोनवर, इंजिन १,५०० फेऱ्यांवर, दहा मिनिटं. ५ ते ८ अंश आले तर उत्तम. मे महिन्याच्या टळटळीत दुपारी १० ते १२ आले तरी तक्रार करू नये. १५ च्या वर असेल तर अजून कुठेतरी वीट अडकलीय. उन्हात उभ्या गाडीत बसल्या बसल्या मात्र ही परीक्षा घेऊ नका. आत ६० अंशांच्या घरात तापलेली हवा असते. आधी काचा खाली करून दोन मिनिटं ती बाहेर जाऊ द्यावी, मग काचा चढवून आतली हवा फिरवावी.

थर्मामीटर खिशात घातल्यावर गाडीखाली वाकून बघायची सवयही बरी. एप्रिलमध्ये इथे गाडीखाली फार पाणी दिसत नाही, म्हणून लोक घाबरतात. हवेत ओलच नसते, कॉइल काढणार कुठून? तीच गाडी जुलैत इगतपुरीच्या धुक्यात नेली की धार लागते, आणि तिथे एसी गारव्यासाठी लावायचाच नसतो. हीटर लाल बाजूला, एसी चालू, हवा काचेवर, की धूसर काच दोन मिनिटांत स्वच्छ. पावसात धार खाली न पडता पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेट ओलं लागलं, तर पाण्याची नळी तुंबली आहे. बाहेरच्या तोंडातून पातळ, बोथट तार हलक्या हातानं घालून ती मोकळी होते. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावावा, म्हणजे शाफ्टच्या सीलपर्यंत तेल पोचत राहतं. सुकलेलं सील मार्चमध्ये गळायला लागतं, आणि मग एप्रिलमध्ये गाडी परत त्या रांगेत.